मानवतावादी गट उभा करताना: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी – उद्दिष्टाचा मजकूर

उद्दिष्ट चार ओळींत बसवले. मसुद्यातला 'धर्माला विरोध' हा भाग काढून टाकला. कारण व्यवहारी आहे. विरोधासाठी जमलेली माणसे विरोधाचा विषय शिळा झाला की पांगतात, आणि ज्यांच्या घरात श्रद्धा आहे ते पहिल्याच ओळीला थबकतात. राहिलेला मजकूर असा:

"देवाधर्माचा आधार न घेता विवेकाने आणि आपुलकीने जगू पाहणाऱ्या माणसांचा हा गट आहे. आम्ही दर महिन्याला भेटतो, बोलतो, अडीनडीला एकमेकांच्या उपयोगी पडतो. नास्तिक, अज्ञेयवादी, निधर्मी आणि अजून काहीच नक्की न ठरलेले, सगळ्यांना इथे जागा आहे."

कसोटी दोन प्रश्नांची. सदस्याच्या श्रद्धाळू जोडीदाराला हे वाचून सोबत यावेसे वाटेल का? आणि गट नेमके करतो काय, हे कळते का? दोन्हींना 'हो' आले तरच छापायचे.

तात्त्विक भूमिका मुळापासून लिहायची नाही. आंतरराष्ट्रीय मानवतावादी संघटनेची स्थापना १९५२ साली ॲमस्टरडॅमला झाली. २०१९ पासून ती ह्यूमनिस्ट्स इंटरनॅशनल या नावाने काम करते. तिथे मांडलेला ॲमस्टरडॅम जाहीरनामा २००२ साली नव्याने लिहिला गेला आणि २०२२ साली ग्लासगोच्या अधिवेशनात पुन्हा सुधारला. तोच आधाराला घ्यायचा. स्वतःचा जाहीरनामा लिहायला बसलेले गट स्वल्पविरामांवरून फुटलेले आहेत.

९ जानेवारी – गाभ्याची माणसे

पाच कामे, पाच माणसे: समन्वय, जागा आणि सामान, हिशेब, स्वागत, तक्रारी. एकाच माणसाकडे दोन कामे द्यायची नाहीत, निदान हिशेब आणि समन्वय तरी एका हातात नकोतच. समन्वयाला महिन्याला सहा ते आठ तास लागतात, बाकीच्यांना तीन-चार. हा आकडा विचारतानाच सांगायचा. 'थोडंसंच काम आहे' म्हणून गळ्यात घातलेली जबाबदारी तिसऱ्या महिन्यात परत येते.

पाचही जण एकाच कचेरीतले किंवा एकाच मित्रमंडळातले नसावेत. त्यांचे आपसातले विनोद नव्या माणसाला कळत नाहीत आणि आपण कुणाच्या तरी घरगुती कार्यक्रमात शिरलो असे त्याला वाटते. पाचांत किमान दोन स्त्रिया हव्यात. खोलीत सगळे पुरुषच दिसले की दारात आलेली स्त्री बहुतेक वेळा दारातूनच परतते.

१८ जानेवारी – जागा

घरी बैठक नको. यजमानाच्या कुटुंबावर ताण येतो, पत्ता अनोळखी लोकांपर्यंत जातो आणि पाहुणा म्हणून आलेला माणूस मोकळेपणाने मतभेद मांडत नाही. उपाहारगृहही नको, तिथे आवाज असतो आणि शेजारच्या टेबलाचे कान असतात. वाचनालयाची खोली, कामगार संघटनेचे सभागृह, शाळेचा वर्ग, हे पर्याय बरे. मात्र वर्गातले बाक जमिनीला ठोकलेले नाहीत ना, ते आधी पाहायचे. ओळीत बसलेली माणसे एकमेकांच्या पाठी पाहतात आणि सगळे बोलणे पुढे उभ्या असलेल्या एकाशीच होते.

जागा पाहायला जाताना सोबत मोजपट्टी आणि एक पुस्तक. दाराची मोकळी रुंदी ८० सेंमीपेक्षा कमी असेल तर चाकाची खुर्ची अडकते. पायऱ्या असतील तर उतार आहे का, स्वच्छतागृह त्याच मजल्यावर आहे का, बैठक संपल्यावर घरी जायला वाहन मिळते का, हे टिपून घ्यायचे. मग एकाने खोलीच्या मधोमध उभे राहून साध्या आवाजात परिच्छेद वाचायचा आणि दुसऱ्याने कोपऱ्यातून ऐकायचा. शब्द विरत असतील तर खोली घुमते. अशा खोलीत तीन टोळकी एका वेळी बोलायला लागली की कुणालाच काही ऐकू येत नाही आणि वयस्कर माणसे सर्वांत आधी गप्प होतात.

३० जणांची खोली पुरेशी. मांडायच्या खुर्च्या मात्र १५, बाकीच्या भिंतीशी रचून ठेवायच्या. माणसे वाढली की खुर्च्या काढणे सोपे. भरलेल्या पंधरांच्या शेजारी रिकाम्या पंधरा दिसल्या की बैठक पडल्यासारखी वाटते. जागेची नोंदणी वर्षभराची, एकदमच.

२५ जानेवारी – दिवस

दर महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी ५ ते ७. 'कोणता दिवस सोयीचा?' अशी विचारणा दर वेळी करायची नाही. सगळ्यांना सोयीचा दिवस नसतोच, आणि दिवस फिरता ठेवला की येणाऱ्याला दर महिन्याला नव्याने निर्णय घ्यावा लागतो. ठरलेला दिवस अंगवळणी पडतो. चौघेच आले तरी बैठक होणार. रद्द करावीच लागली तर ठरलेल्या वेळी एकाने दारात उभे राहायचे, कारण निरोप न पोचलेला माणूस नेमका पहिल्यांदा आलेला असतो.

३ फेब्रुवारी – संपर्क आणि गुप्तता

बऱ्याच जणांच्या घरी किंवा कामाच्या ठिकाणी ते निधर्मी आहेत हे ठाऊक नसते. कुणासाठी ही अवघडलेपणाची बाब असते, कुणासाठी नोकरीची, लग्नाची, क्वचित जिवाची. त्यामुळे संपर्काची सगळी व्यवस्था सर्वांत जास्त जोखीम असलेल्या सदस्याचा विचार करून लावायची.

सूचनांसाठी व्हॉट्सॲपचा साधा गट नको. त्यात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि आत आलेला एक खोडसाळ माणूस पूर्ण यादी घेऊन बाहेर पडू शकतो. सूचना एकतर्फी यादीने पाठवायच्या. ईमेल असेल तर सगळे पत्ते बीसीसीत (या रकान्यातले पत्ते इतरांना दिसत नाहीत, सीसीतले दिसतात), आणि पाठवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी ते तपासायचे. पत्ते चुकून सीसीत टाकणे हा या कामातला सर्वांत नेहमीचा अपघात आहे आणि तो मागे घेता येत नाही. संदेशाच्या पहिल्या ओळीत 'नास्तिक' वगैरे शब्द नको; फोनच्या बंद पडद्यावर पहिली ओळ दिसते आणि फोन नेहमी मालकाच्याच हातात असतो असे नाही. 'दुसऱ्या शनिवारची बैठक' एवढे पुरते.

नोंदवहीत फक्त हाक मारायचे नाव आणि संपर्काचा एक मार्ग. आडनाव, पत्ता, जन्माने मिळालेला धर्म यांतले काहीच विचारायचे नाही. सहा महिने न आलेल्याची नोंद एकदा विचारून खोडायची.

छायाचित्रे: बैठकीत नाहीतच. जाहीर कार्यक्रमात गळ्यातल्या पट्टीचा रंग ठरवायचा. लाल पट्टीवाला चित्रात आला तर ते चित्र वापरायचे नाही, चेहरा पुसटही करायचा नाही. शर्टावरून, चष्म्यावरून माणूस ओळखू येतो.

८ फेब्रुवारी – पहिली बैठक

विषय 'देव आहे का?' हा घेतला नाही. आलेल्या बहुतेकांचे त्यावर उत्तर ठरलेले असते, मग बैठक एकमेकांना टाळ्या देण्यात जाते. घेतलेला विषय: 'वचन पाळावे, ते का?' आखणी अशी:

५.०० ते ५.१५ येणे, नावाच्या चिठ्ठ्या, पाणी.
५.१५ ते ५.२५ स्वागत आणि नियम.
५.२५ ते ५.४५ एकाची मांडणी, २० मिनिटांपेक्षा जास्त नाही.
५.४५ ते ६.२५ छोटी वर्तुळे, दोन प्रश्न.
६.२५ ते ६.३५ प्रत्येक वर्तुळातून एकच मुद्दा.
६.३५ ते ६.४० 'मदत हवी, मदत देऊ शकतो'.
६.४० ते ७.०० चहा आणि गप्पा.

वर्तुळात सहापेक्षा जास्त माणसे घ्यायची नाहीत. हिशेब सरळ आहे: सहा माणसे, प्रत्येकाला एका प्रश्नावर तीन मिनिटे, प्रश्न दोन, म्हणजे ३६ मिनिटे; चार मिनिटे इकडेतिकडे जातात. आठ माणसे बसवली की ४८ मिनिटे लागतात, म्हणजे शेवटच्या चौघांचा दुसरा प्रश्न नेहमीच बुडतो, आणि शेवटी बसणारे सहसा नवेच असतात.

चहा ७ च्या आत, त्याच खोलीत. 'बैठक संपली, आता बाहेर चहाला जाऊ' म्हटले की जुने जातात आणि नवे घरी जातात. ओळखी मात्र त्या वीस मिनिटांतच होतात. उभ्याने बोलणाऱ्या टोळक्याने एका माणसाची फट मोकळी ठेवायची हा नियम स्वागतातच सांगायचा. बंद वर्तुळात शिरायची हिंमत फार थोड्यांना होते.

१० फेब्रुवारी – काय मोजायचे

एकूण हजेरी फसवी असते. कुतूहलाने एकदा डोकावणारे पुष्कळ असतात. वहीत दोनच रकाने: आज पहिल्यांदा आलेले, आणि मागे एकदाच येऊन आज दुसऱ्यांदा आलेले. सगळे लक्ष दुसऱ्या रकान्यावर. ज्याच्याशी कुणी नावाने बोलले आणि ज्याच्या हातात छोटेसे का होईना काम पडले, तो परत येण्याची शक्यता जास्त. म्हणून नव्या माणसाला खुर्च्या रचायला हात लावायला सांगणे यात गैर काही नाही, उलट तेच स्वागत.

पाठपुरावा ४८ तासांत, एकच संदेश, आणि तो त्या दिवशी त्या माणसाशी प्रत्यक्ष बोललेल्यानेच पाठवायचा. संस्थेच्या नावाने गेलेला 'आपल्या उपस्थितीबद्दल आभार' हा निरोप न पाठवलेलाच बरा. दुसरा संदेश नाही. मागे लागलेली प्रचारकी माणसे टाळूनच बरेच जण इथवर आलेले असतात.

८ मार्च – बोलघेवडे

प्रत्येक अशा गटात एक-दोघे असतात. वाचन दांडगे, संदर्भ तोंडपाठ, आणि समोरच्याचे वाक्य अर्ध्यावर तोडायची सवय. त्यांना थांबवले नाही तर बाकीचे थांबतात, म्हणजे यायचेच.

उपाय यांत्रिक ठेवला आहे, कारण 'जरा इतरांना बोलू द्या' हे दर वेळी कुणीतरी तोंडावर सांगायचे म्हटले की वाईटपणा येतो. टेबलावर तीन मिनिटांची वाळूची घड्याळे, प्रत्येक वर्तुळाला एक. बोलणाऱ्याच्या हातात घड्याळ. वाळू संपली की ते शेजाऱ्याकडे. एक फेरी पूर्ण होईपर्यंत कुणाला दुसरी पाळी नाही. फोनचा गजर वापरून पाहिला तर तो कर्कश वाजतो, आणि हातात फोन असला की नजर त्यातच जाते. वाळूचे घड्याळ बोलणाऱ्याला स्वतःलाच दिसते, त्यामुळे बहुतेक जण शेवटच्या चिमटीला वाक्य आवरतात.

श्रद्धाळू माणसांची टिंगल हा वेगळा प्रश्न. नियम: कल्पनेवर हवी तेवढी टीका, माणसांच्या जथ्यावर नाही. 'हा दावा खोटा आहे' चालेल. 'ते लोक मूर्ख आहेत' चालणार नाही, कारण खोलीतल्या कित्येकांची आई त्या लोकांतली असते.

२२ मार्च – वर्षाचे विषय

तिमाहीचा साचा: एक बैठक विचारांची, एक जगण्याची (म्हातारे आईवडील, मुलांचे प्रश्न, मरणाची भीती), एक हाताने करायच्या कामाची. वाद-चर्चेची जाहीर संध्याकाळ वर्षातून दोनदाच. गर्दी होते, पण दुसऱ्या रकान्यात त्यातून फारसे कुणी येत नाही.

ठळक तारखा: १२ फेब्रुवारी (डार्विनचा जन्म, १८०९), २१ जून (जागतिक मानवतावाद दिन), १० डिसेंबर (मानवी हक्क दिन, जाहीरनामा १९४८ चा).

हातच्या कामासाठी दाखला जुना आहे. फेलिक्स ॲडलर यांनी १८७६ साली न्यूयॉर्कमध्ये एथिकल कल्चरची (देवाऐवजी नीतीला केंद्र मानणारी) सभा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी गरिबांच्या घरी जाणाऱ्या परिचारिकांची सेवा, त्यानंतरच्या वर्षी मोफत बालवाडी उभी केली. लंडनच्या साउथ प्लेस या तशाच नीतिवादी संस्थेच्या रविवारच्या संगीतसभा १८८७ पासूनच्या. त्याच परंपरेचे कॉनवे हॉल १९२९ साली उघडले. उलट, २०१३ साली लंडनमध्ये सुरू झालेल्या संडे असेंब्ली या निधर्मी मेळाव्याच्या शाखा झपाट्याने अनेक देशांत पसरल्या आणि त्यांतल्या कित्येक तितक्याच झपाट्याने बंद पडल्या. गाणी, भाषण, हशा यांचा महिन्याचा मोठा कार्यक्रम मूठभर स्वयंसेवकांनी पेलायचा, हे ओझे फार. छोट्या वर्तुळांना रंगमंच लागत नाही.

आमची निवड: रक्तदान, दर तिमाहीला. दोन रक्तदानांमधले किमान अंतर देशानुसार सुमारे २ ते ४ महिने असते, म्हणजे त्यांतले बरेच लोक पुन्हा येऊ शकतात आणि काम आपोआप नियमित होते. सफाई मोहिमा यादीतून काढल्या. फलकासह छायाचित्र निघते, आठवड्याभरात जागा पूर्ववत होते आणि लोकांना ते कळते.

१२ एप्रिल – तक्रारींची पद्धत

गट लहान असतानाच लिहून ठेवली. तक्रार आल्यानंतर नियम लिहिले की ते माणूस पाहून लिहिले जातात. तक्रार घेणारे दोघे, वेगवेगळ्या लिंगांचे, समन्वयक नसलेले. नावे दारावर. पोच २४ तासांत, दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐकून निर्णय १४ दिवसांत. तोवर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने बैठकीला यायचे नाही. याला शिक्षा म्हणायचे नाही आणि तसे त्याला स्पष्ट सांगायचे. गुन्ह्याची शक्यता असेल तर गटाने पंचायत भरवायची नाही, तक्रारदाराला पोलीस आणि वकिलापर्यंत सोबत करायची.

'आपण विवेकवादी आहोत, आपल्यात असे होत नाही' हे वाक्य ज्या गटात ऐकू येते तिथे ही पद्धत सर्वांत आधी हवी.

३ मे – पैसा

प्रवेश मोफत, निघताना डबा. डबा दारात नाही, चहाच्या टेबलावर; दारातला डबा तिकीट वाटतो. रक्कम दोघांनी मोजून दोघांच्या सह्या, खात्यावर व्यवहाराला दोन सह्या, आणि तिमाहीचा हिशेब एका पानावर भिंतीला. किमान तीन महिन्यांचे भाडे शिल्लक राहीपर्यंत नवा खर्च नाही. एकाच देणगीदाराकडून वर्षाच्या खर्चाच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त घ्यायचे नाही. तो माणूस वाईट असतो म्हणून नाही. त्याच्या मताला वजन येते आणि त्यालाही ते कळत नाही.

२१ जून

जागतिक मानवतावाद दिनाला जाहीर बैठक. 'हॅपी ह्यूमन' हे चिन्ह (डेनिस बॅरिंग्टन यांनी १९६५ साली काढलेले, हात वर केलेला माणूस) फलकावर वापरले. शेजारच्या भागातल्या धार्मिक संस्थेच्या रक्तदान गटालाही बोलावणे गेले आणि ते आले. विशेष लिहिण्याजोगे नाही.

५ जुलै – मदतफळी

माणसे प्रार्थनास्थळ सोडतात तेव्हा देवापेक्षा जास्त चुकचुकते ते हे: आजारपणात डबा घेऊन येणारी, दवाखान्यात सोबत बसणारी माणसे. हे उभे राहिले नाही तर गट म्हणजे व्याख्यानमाला.

प्रत्येक प्रकरणाला एकच मुकादम. घरच्यांशी फक्त तोच बोलतो; नाहीतर दहा जण 'काही लागलं तर सांगा' म्हणतात आणि घरचे दमून कुणालाच काही सांगत नाहीत. मुकादम विचारतो ते ठोस: मंगळवारी रात्रीचे जेवण आणू का, गुरुवारी तपासणीला गाडी हवी का, औषधे कोण आणते. तक्ता दोन आठवड्यांचा, शेवटच्या तारखेसह. पुढे लागले तर नवा तक्ता, नवी माणसे. अखेरची तारीख नसलेल्या मदतीत मदत करणारे न सांगता गळतात आणि घेणाऱ्याला ओशाळे वाटते.

काय करायचे नाही: पैशाची उसनवारी, औषधांचे सल्ले, घराच्या किल्ल्या एकट्या माणसाकडे.

२६ जुलै – अंत्यविधी

गटाकडे सर्वांत घाईने येणारी मागणी हीच, आणि तयारी नसेल तर सर्वांत वाईट फसणारीही हीच. प्रत्येक इच्छुक सदस्याकडून एक पान आधीच भरून घ्यायचे: दहन, दफन की देहदान, कोण बोलावे, कोणता विधी नको, निर्णय कोणाचा. पानावर सदस्याची सही पुरत नाही, निकटच्या नातेवाइकांना ते माहीत हवे. मृत्यूनंतर प्रत्यक्ष निर्णय तेच घेतात, आणि कपाटात राहिलेला कागद तेराव्या दिवशी सापडून उपयोग नाही.

नेत्रदान: अनेक नेत्रपेढ्या मृत्यूनंतर ६ तासांची मर्यादा धरतात, म्हणून फोन सर्वांत आधी तिकडे. तोवर पापण्या मिटवून त्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद. चष्मा असलेल्यांचे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचेही नेत्र बहुधा चालतात. नाही म्हणायचा अधिकार पेढीचा, घरच्यांनी अंदाजाने नाही म्हणू नये.

देहदान: शवविच्छेदन झाले असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर शरीररचना विभाग देह नाकारतो. अवयव काढलेला देहही सहसा घेत नाहीत; नेत्रदान मात्र आड येत नाही. म्हणून पानावर दुसरा पर्याय लिहिलेलाच हवा. नकाराचा फोन आल्यावर घरात पुन्हा वाद सुरू होतो आणि तिथे आवाज चढेल त्याचे चालते.

विधीची रचना, एकूण २० ते २४ मिनिटे: स्वागत (२), मृत्यूविषयी चार वाक्ये (२), जीवनपट (८ ते १०), दोन जवळच्यांचे बोलणे (प्रत्येकी २ ते ३), शांतता (२), निरोप (२). जीवनपटासाठी कुटुंबाशी तास-दीड तास बोलावे लागते. अशा वेळी वाचण्याचा वेग मिनिटाला १०० शब्दांच्या आसपास ठेवायचा, म्हणजे मजकूर ८०० ते १००० शब्दांचा. घरच्यांना तो आधी वाचून दाखवायचाच: नावे, नात्यांचा क्रम, पहिले लग्न, दुरावलेला मुलगा, सगळे. चुकलेले एक नाव पुढे वर्षानुवर्षे निघते.

दोन मिनिटांची शांतता कापायची नाही. सूत्रधार सांगतो: 'आता आपापल्या आठवणीत थांबू या, ज्यांना प्रार्थना करायची आहे त्यांनी मनातल्या मनात करावी.' जमलेल्यांत निम्मे तरी श्रद्धाळू असतात, आणि या दोन मिनिटांमुळे उरलेला विधी ते निवांत ऐकतात.

९ ऑगस्ट – नामकरण, विवाह

विवाहात विधी आणि नोंदणी वेगवेगळ्या धरायच्या. स्कॉटलंडमध्ये मानवतावादी विवाह २००५ पासून कायदेशीर आहेत, आयर्लंडमध्ये २०१२ च्या कायद्याने. पुष्कळ देशांत तसे नाही आणि नोंदणी स्वतंत्रच करावी लागते. जोडप्याला हे पहिल्याच भेटीत लेखी सांगायचे. पुरोहिताविना विवाहाची परंपरा शोधणाऱ्याला जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे (१८७३) विवाह सापडतात. तिथे निर्मिक (सृष्टीचा निर्माता) मानलेला आहे, त्यामुळे मजकूर उचलायचा नाही. वधूवरांनी एकमेकांना उद्देशून स्वतः बोलणे हा भाग मात्र जरूर घ्यावा.

विधींचा सोस आवरायचा. ऑग्युस्त काँत यांनी एकोणिसाव्या शतकात मानवतेचा धर्म काढला, २८ दिवसांचे १३ महिने आणि प्रत्येक महिन्याला एक थोर पुरुष. कागदावर सुबक होते. ब्राझीलसारख्या मोजक्या ठिकाणी त्याची देवळे उभी राहिली, बाकी पंचांग फारसे कुणी वापरले नाही.

१३ सप्टेंबर – मुले

शेजारच्या खोलीत मुलांचा तास सुरू. दोन मोठी माणसे कायम, ती एकमेकांची जोडीदार नसावीत, दार उघडे, मुलाला स्वच्छतागृहात न्यायचे तर पालकाला हाक. पार्श्वभूमीची तपासणी जिथे कायद्याने होते तिथे ती करून घ्यायची. विषय नास्तिकता नाही: प्रयोग, कोडी, 'तुला हे कसे कळले?' असे प्रश्न. नॉर्वेमध्ये इहलोकवादी दीक्षा समारंभ १९५१ पासून होतात आणि त्याआधी पंधरा वर्षांच्या आसपासची मुले नीतिविचार, हक्क, चिकित्सक विचार यांचा अभ्यासक्रम करतात. समारंभ टिकला तो त्या अभ्यासक्रमामुळे.

११ ऑक्टोबर – श्रद्धा सोडलेल्यांचे वर्तुळ

मासिक बैठकीपासून वेगळे, आठांपर्यंत माणसे, दीड तास. सल्ला नाही, वाद नाही, ऐकणे. इथे आठ चालतात कारण सगळ्यांनी बोललेच पाहिजे असे नाही. घरच्यांना कधी सांगावे हा प्रश्न हटकून येतो. गट 'सांगून टाक' म्हणत नाही. आधी तीन गोष्टी तपासायला सांगतो: राहायला दुसरी जागा आहे का, स्वतःचे उत्पन्न किंवा शिक्षणाचा खर्च कुणाच्या हातात, कागदपत्रे कुणाजवळ. आत्महत्येचा विचार, मारहाण, झोप पूर्ण उडणे असे काही कानावर आले तर वर्तुळ पुरेसे नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि मदतवाहिन्यांची अद्ययावत यादी चालकाच्या खिशात असते, आणि दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबर लावून पाहिला जातो.

८ नोव्हेंबर – घटना आणि नोंदणी

नोंदणी आत्ता, वर्ष सरताना, कारण आता टिकण्याची खात्री आहे आणि बँक खाते कुणाच्या वैयक्तिक नावावर ठेवणे बरे नव्हे. घटनेत: पदाची मुदत २ वर्षे, सलग दोनच वेळा, गणपूर्ती सदस्यांच्या एक-तृतीयांश, गट विसर्जित झाला तर शिल्लक कुठे जाणार. शेवटचे कलम सगळे टाळतात आणि तेच भांडणाचे मूळ होते. आंतरराष्ट्रीय संघटनेशी जोडून घ्यायचे तर मानवतावादाचे त्यांचे किमान निवेदन मान्य करावे लागते, ते घटनेच्या पहिल्या कलमात घेतले.

१३ डिसेंबर – हस्तांतर

पाचही कामांना जोडीदार नेमले. जानेवारीपासून एक आड एक महिना जोडीदाराने काम करायचे, मूळ माणसाने नुसते बसायचे. हस्तांतराच्या वहीत: जागेच्या व्यवस्थापकाशी बोलण्याची वेळ, किल्ल्यांची संख्या, खात्यांचे पासवर्ड कुठे ठेवलेत (पासवर्ड स्वतः वहीत नाहीत), चालू मदत-तक्ते, अंत्यविधीची पाने ठेवलेली फाइल आणि ती उघडायचा अधिकार कोणाला. तीन मिनिटांचे एक घड्याळ फुटले आहे, दोन नवी आणायची. पुढच्या वर्षीची जागेची नोंदणी ३१ तारखेच्या आत. दुसरा शनिवारच मागायचा, तो मिळत नसेल तरच खोली बदलायची, दिवस नाही.